प्रेस शॉपमधला पहिला महिना: दहाही बोटं शाबूत ठेवायची तर

आयटीआयचा निकाल लागला की महिन्याभरात भोसरी-चाकणच्या खोल्या भरतात. लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याकडची पोरं, एका खोलीत पाच-सहा जण, मेसचा डबा आणि गाववाल्याच्या ओळखीने मिळालेलं पहिलं काम. हे काम बऱ्याचदा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनच्या खात्यात असतं, कारण तिथे माणसं कायम कमी असतात. का कमी असतात, ते आत गेल्यावर कळतं.

मीही असाच लागलो आणि पुढची तीस वर्षं प्रेसच्या आवाजात काढली. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये डाय (साचा) बसवणारा, शेवटी फोरमन. माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं वरचं पेर नाही. ते कामाच्या तिसऱ्या आठवड्यात गेलं, त्याची हकिगत पुढे सांगतो. हे लिहितोय ते नव्याने लागणाऱ्यासाठी, आणि त्याला सोडायला आलेल्या वडिलांसाठी किंवा भावासाठीही. पहिल्या भागातले प्रश्न त्यांनीच गेटवर विचारलेले बरे, पोराची जीभ तिथे उचलत नाही.

१. आधी विचार: कागदावर मी कोण?

एकाच रांगेत, एकाच रंगाच्या शर्टात तीन पोरं प्रेसवर बसलेली असतात. एक अप्रेंटिस, एक ठेकेदाराचा, एक कंपनीचा 'ट्रेनी'. काम तेच, मशीन तेच. अपघात झाला की तिघांच्या वाटा तीन दिशांना जातात.

अप्रेंटिस असशील तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली तुझा करार झालेला असतो आणि अप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद असते. त्याची प्रत माग. अप्रेंटिसला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागू नसतं, पण कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी त्याच कायद्याच्या १६ व्या कलमाने मालकावर टाकलेली आहे. अप्रेंटिसकडून ओव्हरटाइमही असाच करून घेता येत नाही, त्याला अप्रेंटिसशिप सल्लागाराची परवानगी लागते. ही गोष्ट शॉपमध्ये तुला कुणी आपणहून सांगणार नाही.

नुसता 'ट्रेनी' म्हणून घेतलं असेल आणि पोर्टलवर करार नसेल, तर तू त्या कायद्यातला अप्रेंटिस नाहीस. मग पगार महिना २१,००० च्या आत असेल तर तुझं नाव ईएसआयमध्ये पाहिजे. ठेकेदाराकडून आला असशील तरी तेच, फक्त ठेकेदाराचं पूर्ण नाव माहीत करून घे. 'आमचे पाटीलसाहेब' एवढ्यावर पुढे काही चालत नाही.

ईएसआयसाठी पगारातून ०.७५ टक्के कापतात, म्हणजे पंधरा हजारावर साधारण ११३ रुपये. मालक ३.२५ टक्के भरतो. कामावरच्या अपघाताचा लाभ पहिल्या दिवसापासून असतो, त्याला इतके महिने भरणा झालेला असावा अशी अट नाही. म्हणूनच नोंदणी 'दोन महिन्यांनी बघू' म्हणून पुढे ढकलणाऱ्या माणसाचा हिशेब ओळखून अस. बोट तुटल्यावर संध्याकाळी घाईघाईने नोंदणी करणारे मी पाहिले आहेत, आणि मग जॉइनिंगची तारीख कोणती यावरून महिनोन्‌महिने कागद फिरतात. पहिल्याच आठवड्यात दहा आकडी विमा नंबर माग, ई-पहचान कार्डाचा फोटो काढ आणि घरच्या ग्रुपवर टाकून ठेव. सोबत नियुक्तीपत्राचाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या आहेत, त्यात नियुक्तीपत्र देणं मालकाला बंधनकारक आहे.

वय अठराच्या आत असेल तर प्रेसवर बसूच नकोस, आणि आधारवरची तारीख 'जुळवून' देणाऱ्याच्या नादीही लागू नकोस. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं हा गुन्हाच आहे. चौदा ते अठरामधल्यांना धोक्याच्या कामावर घेता येत नाही.

२. पहिल्या दिवशी मशीनला हात लावू नकोस, नुसतं बघ

पॉवर प्रेसमध्ये वर एक जड चाक फिरत असतं, फ्लायव्हील. पेडल दाबलं किंवा बटणं दाबली की क्लच बसतो, चाकाचा जोर रॅमला, म्हणजे वरखाली होणाऱ्या जड ठोकळ्याला मिळतो, रॅम खाली येतो आणि त्याला लावलेला पंच खालच्या डायमध्ये शिरतो. पत्र्याचा तुकडा कापला जातो किंवा वाकतो. बोटाला पत्र्यापेक्षा कमी जोर लागतो.

सेटरला पहिला प्रश्न विचार: "दादा, ही प्रेस मधेच थांबते का?"

छोट्या शॉपमधल्या बऱ्याच जुन्या प्रेस चावीच्या क्लचवर चालतात. तिथे क्लच एकदा बसला की रॅम खाली जाऊन वर येईपर्यंत कुणाच्या बापाला ती थांबवता येत नाही. हवेच्या क्लचची प्रेस मात्र अर्ध्या वाटेत थांबू शकते. कानांनीही ओळखता येतं. चावीवाली 'खटाक' करते, हवेवाली प्रत्येक स्ट्रोकला 'फुस्स' करून हवा सोडते.

हा फरक नीट समजून घे. समोर सेन्सरचे दोन खांब उभे आहेत, लाल-हिरवे दिवे लागतात, म्हणून पोरं निर्धास्त होतात. पण प्रेस चावीच्या क्लचची असेल तर ते खांब शोभेचे आहेत. सेन्सरला तुझा हात दिसला तरी तो थांबवणार काय? अशा प्रेसला पुढे पक्का बसवलेला जाळीचा गार्डच हवा. पट्टी आत जाईल, बोट जाणार नाही, एवढीच फट.

प्रेस थांबणारी असेल तर रोज शिफ्ट सुरू होताना दोन मिनिटं तपासणीला दे, सेटरला शेजारी उभं करून. सेन्सरमध्ये लाकडी पट्टी घाल, हात नाही. रॅम थांबला पाहिजे. दोन हातांची बटणं असतील तर एकच दाबून बघ, रॅम हलता कामा नये. एक दाबून धर आणि सावकाश दुसरं दाब, तरीही हलता कामा नये. दोन्ही दाबून धरून ठेव, एकच स्ट्रोक पडून रॅम वर थांबला पाहिजे. दुसरा पडला तर त्याला आम्ही 'डबल मारली' म्हणतो, आणि डबल मारणारी प्रेस त्याच क्षणी बंद. पेडलची प्रेस असेल तर पेडलवर वरून झाकण आहे का ते बघ. नसेल तर सुटलेला पाना किंवा सरकलेली स्क्रॅपची पेटी त्याच्यावर पडली तरी रॅम खाली येतो.

एका बटणावर नट ठेवून टेप गुंडाळलेली दिसली तर समज, इथे कुणीतरी एक हात मोकळा करून घेतलाय. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती हुशारी वाटते. मलाही वाटली होती.

३. अंगावरचं

कडं, घड्याळ, अंगठी, मनगटातला गंडादोरा, गळ्यातला मफलर, कानातले इअरफोन लॉकरमध्ये. देवाचा दोरा सोडवत नसेल तर खिशात ठेव, देवाला चालतं. मुलींनी वेणी टोपीत आणि ओढणी लॉकरमध्ये. पत्रा उचलताना कापणार नाहीत असे, हाताला घट्ट बसणारे हातमोजे घाल. पण ड्रिल मशीनवर पाठवलं तर हातमोजे काढून जा. फिरतं ड्रिल मोज्याचा एक धागा धरतं आणि मागून अख्खा हात ओढून घेतं. कानात प्लग घाल. हातभरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तो आवाज कान खाणाराच आहे. कान जातात ते दुखत नाहीत, त्यामुळे कुणी मनावर घेत नाही. बाकी बूट आणि गॉगल माहीतच आहेत.

४. हात डायमध्ये का जातो

सगळं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मिनिटाला बारा पीस निघत असतील तर साडेसात तासांच्या कामात ५,४०० पीस होतात. हाताने पीस ठेवायचा आणि हाताने काढायचा असेल तर तुझा हात एका शिफ्टमध्ये ५,४०० वेळा पंचखाली जातो. भिंतीवर पाटी असते, 'सावध राहा'. ती पाटी तुझ्याकडून दिवसाला ५,४०० वेळा सावध राहण्याची अपेक्षा करते आणि सूट एकदाही देत नाही. माणूस असा बनलेला नाही. म्हणून कुणी 'लक्ष देऊन काम कर' म्हणालं की मान हलव आणि गार्ड कुठे आहे ते विचार.

पहिल्या आठवड्यात तू घाबरून काम करतोस, हात हळू असतो. तिसऱ्या आठवड्यात हाताला लय सापडते. पाय पेडलवर, हात आत, हात बाहेर, पाय, हात, हात. डोकं रूमवर, गावाला किंवा रात्रीच्या मॅचमध्ये. शरीर आपोआप चालतं, सुपरवायझर पाठीवर थाप मारतो, 'पोरगं तयार झालं'. सगळ्यात जपून राहायचे दिवस हेच.

माझं असंच झालं. तीस टनी प्रेस, पेडलवाली, वॉशर काढायचं काम. पहिली शिफ्ट, पावणेचार वाजलेले, पंधरा मिनिटांत सुट्टी. शेवटची पेटी भरायची होती. तेल कमी झालं की वॉशर डायला चिकटून बसतं, तसं एक बसलं. समोर चिमटा होता, पण चिमट्याने दोन सेकंद जास्त लागतात. मी मधल्या बोटाच्या नखाने ते उचकटायला गेलो. पाय पेडलवरून काढला नव्हता. पेडलची स्प्रिंग ढिली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. आवाज रोजचाच झाला, 'खटाक'. दुखलं नाही. मी हात बाहेर काढला आणि पीस पडला का ते बघितलं. मग शेजारचा ओरडला.

गार्ड? होता की. मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला. गार्ड लावला की पेटीमागे दहा मिनिटं जास्त जातात, म्हणून काढून ठेवलेला.

तर आता पायरीने:

पाय आधी पेडलवरून मागे, जमिनीवर. ही सवय पहिल्या दिवसापासून लाव, पीस अडकलेला नसतानाही.

पीस चिकटला तर चिमटा, चुंबकाची काठी, लाकडी काडी किंवा हवेची गन. चिमटा तुझ्या जागेवर दोरीने बांधलेला असू दे, शोधायला लागला की बोट पुढे जातं. तो मऊ धातूचा असावा, पंचखाली आलाच तर चिमटा चेपेल आणि डाय वाचेल. मालकाला हा मुद्दा लगेच पटतो, कारण डाय महाग असते.

तरीही निघाला नाही तर तुझं काम संपलं. सेटरला बोलाव. डाय उघडणं, शिम (पातळ पट्टी) घालणं, बोल्ट आवळणं नव्या माणसाने करायचं नाही, कुणी 'एवढंच कर रे' म्हटलं तरी.

सेटर हात घालायच्या आधी काय करतो ते बघून शीक. मोटर बंद. मग फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. मोटर बंद केली तरी ते चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि फिरत्या चाकात एक स्ट्रोक शिल्लक असतो. मग रॅमखाली ठोकळा, मेन स्विचला कुलूप आणि चावी स्वतःच्या खिशात. चावी दुसऱ्याच्या खिशात असेल तर ते कुलूप नव्हे. यातलं काहीच न करता हात घालणारा सेटर असेल तर त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो, त्याच्याकडून हे शिकू नकोस.

शिफ्ट सुटायची शेवटची पंधरा मिनिटं, रात्रपाळीत पहाटे तीन-चारची वेळ, सलग दुसऱ्या शिफ्टचा ओव्हरटाइम. या वेळांना वेग मुद्दाम कमी कर. ओव्हरटाइमचे पैसे दुप्पट दराने मिळायला हवेत, ते मिळतात का बघ. पण दुप्पट मिळाले तरी सोळाव्या तासाला प्रेसवर बसू नकोस, पॅकिंगला किंवा मोजणीला माग.

५. 'नाही' कसं म्हणायचं

ही सगळ्यात अवघड पायरी. एकोणीस वर्षांच्या पोराने पन्नाशीच्या सुपरवायझरला नाही म्हणायचं, तेही गाववाल्याच्या शब्दावर नोकरी लागलेली असताना. 'मी करणार नाही' म्हटलं की भांडण होतं. मी फोरमन होतो, तेव्हा कोणत्या वाक्यापुढे माझं काही चालत नसे ते सांगतो.

"साहेब, गार्ड लावून द्या, लगेच बसतो."

"डबल मारतेय. सेटरने एकदा बघितली की चालू करतो."

"ही प्रेस मला कुणी शिकवलेली नाही. दोन दिवस दादांच्या शेजारी उभा राहतो."

या वाक्यांत कामाला नकार नाही. ऐकणाऱ्याला चिडायला जागा सापडत नाही. तिसऱ्या वाक्यामागे तर जुना आधार आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या २३ व्या कलमाने अठराच्या आतल्या कामगाराला धोकादायक मशीनवर, धोके समजावून आणि पुरेसं शिकवून, किंवा जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच ठेवता येत असे. नियमांत अशा मशीनच्या यादीत पॉवर प्रेस पहिल्यांदा येते. माझ्या मते एकवीस वर्षांच्या नव्या माणसालाही हेच लावावं. डाय काही आधार कार्ड बघत नाही.

तोंडी सांगून झालं की सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाक: 'साहेब, सहा नंबर प्रेसचं पेडल अडकतंय, आज सकाळी सांगितलं आहे.' तारीख-वेळ आपोआप पडते. शक्यतो दोघांनी मिळून सांगा, एकट्याला 'रडतोय' म्हणतात, दोघांना म्हणत नाहीत. मोठ्या कारखान्यात सुरक्षा समिती असते, तिच्यात कामगारांचा प्रतिनिधी कोण ते विचारून ठेव. बाहेर तक्रार करायची तर महाराष्ट्रात औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे, सगळे त्याला 'डिश' म्हणतात. अठराच्या आतलं मूल कामाला जुंपलेलं दिसलं तर मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर फोन कर.

एवढं करूनही गार्ड येत नसेल तर? खोलीचं भाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे डोळ्यांसमोर असताना 'सोडून दे' म्हणणं सोपं नाही, मला माहीत आहे. तरी मी म्हणेन, पगार झाला की सोड. चाकणमध्ये दुसरी प्रेस मिळते.

आणि सुपरवायझर हे वाचत असेल तर त्याला दोनच गोष्टी. नव्या पोराला पहिला आठवडा टार्गेट देऊ नका, आणि गार्डचे बोल्ट खोलायचा पाना फक्त सेटरकडे ठेवा. ४ मार्चला सुरक्षा दिनाचा बिल्ला लावून शपथ घेण्यापेक्षा त्या पान्याने जास्त बोटं वाचतात.

६. लागलंच तर

हात पंचखाली अडकला असेल तर ओढू नका आणि स्ट्रोक पूर्ण करायला मोटर परत चालू करू नका. मोटर बंद, चाक थांबू द्या, मग सेटर चाक उलटं फिरवून रॅम वर घेतो. तोवर एकाने त्या पोराला धरून ठेवायचं, तो चक्कर येऊन पडतो आणि हात फाटतो.

हात सुटला की जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. हळद, कॉफी, ग्रीस काही लावायचं नाही. उरलेल्या बोटांत अंगठी राहिली असेल तर लगेच काढा, हात सुजतो.

तुटलेलं बोट शोधा. स्क्रॅपच्या पेटीत असलं तरी शोधा. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर किंवा पाण्यात टाकलं तर ते गोठून किंवा भिजून वाया जातं. जोडता येईल की नाही ते डॉक्टर ठरवतील, आपण घेऊन जायचं. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल ती गाडी. हाताची शस्त्रक्रिया होणारं जवळचं हॉस्पिटल कोणतं ते अपघाताच्या आधीच भिंतीवर लिहून ठेवायची गोष्ट आहे.

वाटेत कुणीतरी कानात सांगेल, 'डॉक्टरला गाडीवरून पडलो म्हण, शेठ सगळा खर्च करतील.' म्हणू नकोस. केस पेपरवर पहिल्यांदा जे लिहिलं जातं तेच पुढे प्रत्येक टेबलावर वाचलं जातं. 'अमुक कंपनीत, अमुक वाजता, प्रेसवर' एवढं लिहिलं गेलं पाहिजे. सोबतच्याने मशीनचा फोटो काढून ठेवावा, गार्ड असो वा नसो. अपघाताची नोंद कंपनीच्या रजिस्टरमध्ये झाली का आणि ईएसआयला कळवलं का, ते दोन दिवसांत विचारा. बरं होईपर्यंत ईएसआयमधून पगाराच्या ९० टक्क्यांनी पैसे मिळतात. नंतर मेडिकल बोर्ड अपंगत्वाचे टक्के ठरवतं.

टक्क्यांची यादी १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आली आहे. अख्खा अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एकाच हाताची चारही बोटं गेली तर ५०. मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के, ते माझं.

परत कामावर जाशील तेव्हा पहिल्या दिवशी त्याच प्रेसपाशी जाऊन काय बदललं ते बघून ये. मी दीड महिन्याने गेलो. स्प्रिंग नवी होती. गार्ड त्याच खिळ्याला टांगलेला होता, फक्त त्याला पिवळा रंग दिला होता.